सोन्याच्या खाणीचे चांदीतले चित्र

फिल्म धुऊन दोरीला चिमट्याने टांगली, तेव्हाच काहीतरी बिनसल्याचे आमच्या लक्षात आले. छत्तीस चित्रांच्या त्या रिळातली पहिली चोवीस चित्रे नीट आली होती. टाकाऊ चुऱ्याचे डोंगर, त्यांच्या अंगावर पावसाने पाडलेल्या घळी, गंजलेला पोलादी मनोरा, मागे निरभ्र आकाश. पुढच्या बारापैकी अकरा मात्र जवळजवळ कोरी होती. प्रत्येक चौकटीत एक-दोन गडद काळे चौकोन तेवढे दिसत होते. त्या खिडक्या. बाकी सारी फिल्म काचेसारखी पारदर्शक. निगेटिव्हवर एखादी जागा पारदर्शक राहिली याचा अर्थ तिथे प्रकाश पोचला नाही, किंवा पोचूनही त्याची नोंद झाली नाही.

ही बारा चित्रे कोलार गोल्ड फील्ड्समधल्या एका बंद यंत्रघराच्या आतली होती. २०१७ च्या हिवाळ्यात आम्ही तीन सहकारी रीतसर परवानगी काढून तिथे गेलो होतो. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवलेला होता, प्रकाशमापक चांगला होता, आकडे आम्ही दोनदा पडताळले होते. आणि तरीही अकरा चित्रे वाया गेली. गंमत म्हणजे आम्हाला जे एकच चित्र बिघडले असे वाटत होते, तेवढेच उत्तम आले होते. तिघेही विज्ञानात संशोधन करणारे. त्यामुळे सांगताना थोडे ओशाळायला होते, पण चूक फिल्मची नव्हती. जी गोष्ट १८९९ पासून माहीत आहे, तिच्याकडे आम्ही दुर्लक्ष केले होते.

ती गोष्ट काय, हे सांगण्याआधी खाणीविषयी थोडे सांगायला हवे.

कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजेच केजीएफ, कर्नाटकात बंगळूरच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. या नावाचा कन्नड चित्रपट २०१८ मध्ये आल्यापासून विद्यार्थ्यांना हे नाव पाठ झाले आहे. पण त्यातली खाण कल्पनेतली आहे. खरी खाण अधिक विलक्षण होती असे आमचे मत आहे. १८०२ मध्ये म्हैसूर राज्याच्या सीमेची पाहणी करणाऱ्या लेफ्टनंट जॉन वॉरनला इथले गावकरी माती धुऊन सोन्याचे कण काढताना दिसले. १८७० च्या दशकात मायकेल लाव्हेल या निवृत्त सैनिकाने खाणकामाचा परवाना मिळवला, आणि १८८० पासून जॉन टेलर आणि मंडळींच्या इंग्रज कंपनीने कामाला खरी गती दिली. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार केलेली वीज सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांमधून थेट या खाणींत आली. त्या काळात एवढ्या लांब वीज नेणे हे मोठे धाडस होते. सव्वाशे वर्षांत इथून सुमारे पाच कोटी टन खडक वर आला आणि त्यातून आठशे टनांहून अधिक सोने निघाले. चॅम्पियन रीफ खाण तर सव्वातीन किलोमीटरच्या जवळपास खोल गेली. तिथे खडकाचे तापमान ६५ अंश सेल्सियसच्या वर असे. वरचा भार असह्य होऊन खोलवरचा खडक अचानक फुटे. अशा खडकस्फोटांत कित्येक कामगार दगावले. कोरडी गारगोटी फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस हा इथला दुसरा शत्रू.

सुरुवातीला एका टन खडकात भरपूर सोने मिळत असे. शेवटी शेवटी ते तीन-चार ग्रॅमवर आले. एवढ्या खोलीवरून एक टन खडक वर आणायचा, दळायचा आणि त्यातून एका अंगठीपुरते सोने काढायचे, हे परवडेना. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. उपसा थांबल्यावर खालची बोगद्यांची दुनिया पाण्याने भरली. आज डोळ्यांना दिसतात ते जमिनीवरचे अवशेष: शाफ्टच्या तोंडावरचे मनोरे, यंत्रघरे, चाळी, आणि सुमारे ३.३ कोटी टन चुऱ्याचे ते फिकट पिवळसर डोंगर. आसपासचे लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात.

आता कॅमेऱ्याकडे वळू.

हे डोंगर उन्हात इतके उजळ दिसतात की प्रकाशमापक हमखास फसतो. कॅमेऱ्यातला मापक समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे, म्हणजे त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत येतो, असे गृहीत धरतो. समोर पांढरट ढिगारा असेल तर तो म्हणतो, प्रकाश फार आहे, कमी घ्या. त्याचे ऐकले तर ढिगारा चित्रात मळकट करडा येतो. म्हणून मापक सांगेल त्याच्या दुप्पट ते तिप्पट प्रकाश द्यावा लागतो. बर्फाचे फोटो काढणाऱ्यांना हे ठाऊक असते. शिवाय आम्ही भिंगावर पिवळी काच लावली. ती निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आकाश गडद होते आणि पिवळट चुरा उठून दिसतो. सकाळी आठच्या सुमारास तिरप्या उन्हात घळींच्या सावल्या लांब पडतात. दुपारी बाराला तोच डोंगर सपाट भिंतीसारखा दिसतो. एवढे सांभाळले की बाहेरचे काम सोपे. म्हणून तर ती चोवीस चित्रे नीट आली.

यंत्रघराच्या आत उलट स्थिती. पिंजरा, म्हणजे कामगारांना खाली-वर नेणारी लिफ्ट, ओढणारे यंत्र या घरात असे. घर उंच, खिडक्या बहुतेक पत्र्याने बंद केलेल्या. दोन-तीन फटींतून येईल तेवढाच उजेड. यंत्राचा पुढचा भाग आणि मागची भिंत दोन्ही स्पष्ट हवेत म्हणून आम्ही भिंगाचे छिद्र लहान ठेवले, एफ-१६ वर. आमची फिल्म होती इलफर्डची एफपी-४ प्लस, संवेदनक्षमता १२५. मापक म्हणाला, तीस सेकंद. आम्ही तीस सेकंद दिले.

शाळेत आपण शिकवतो की फिल्मवर होणारा परिणाम प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ यावर अवलंबून असतो. प्रकाश निम्मा झाला तर वेळ दुप्पट करा, परिणाम तोच. नळाची धार निम्मी केली तर बादली भरायला दुप्पट वेळ लागतो, तसेच. रोजच्या उजेडात हा नियम चोख चालतो. पण कार्ल श्वार्ट्सशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने (कृष्णविवरांच्या संदर्भात ज्याचे नाव आपण ऐकतो तोच) ताऱ्यांची तेजस्विता फोटोवरून मोजताना पाहिले की अंधूक ताऱ्यांच्या बाबतीत हिशेब चुकतो. प्रकाश दहापट कमी असेल तर दहापट वेळ पुरत नाही. त्याहून अधिक द्यावा लागतो. १८९९ च्या सुमारास त्याने हे सूत्रात मांडले. बादलीला जणू एक बारीक भोक आहे. धार मोठी असते तेव्हा गळती जाणवत नाही; धार थेंब-थेंब झाली की भरते त्यातले बरेचसे गळून जाते.

हे भोक कुठे असते? त्यासाठी फिल्मच्या आत डोकवावे लागेल.

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. एका स्फटिकाचा आकार साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याहून लहान. तरी त्यात चांदीचे काही अब्ज आयन मावतात. प्रकाशाचा एक कण, फोटॉन, स्फटिकात शिरला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. तो स्फटिकातल्या एखाद्या दोषापाशी अडकतो, भटकणाऱ्या चांदीच्या आयनाला ओढून घेतो, आणि चांदीचा एक अणू तयार होतो. १९३८ मध्ये गर्नी आणि मॉट यांनी मांडलेले हे चित्र मुळात आजही मान्य आहे. पण एकटा अणू टिकाऊ नसतो. काही सेकंदांत तो पुन्हा विरघळून आयन आणि इलेक्ट्रॉन होऊ शकतो. त्या अवधीत दुसरा फोटॉन आला आणि शेजारी दुसरा अणू बसला, तर जोडी तग धरते. असे होत चार-पाच अणूंचा पुंजका झाला की तो स्फटिक ‘पेटलेला’ समजायचा. डोळ्याला काही दिसत नाही, पण डेव्हलपरमध्ये टाकल्यावर अख्खा स्फटिक, त्यातले अब्जावधी आयन, काळ्या चांदीत बदलतात. चार अणूंची नोंद अब्जपटींनी मोठी करून दाखवणारी अशी साधी आणि स्वस्त युक्ती रसायनशास्त्रात दुसरी क्वचितच असेल.

आमच्या यंत्रघरात काय झाले ते आता स्पष्ट होईल. भिंतीवरून येणारा उजेड इतका विरळ होता की एका स्फटिकावर पहिला फोटॉन पडून दुसरा येईपर्यंत पहिला अणू विरून जात होता. खिडक्यांच्या जागी मात्र फोटॉनांचा पाऊस पडत होता, तिथे गळतीचा प्रश्नच नव्हता. म्हणून खिडक्या काळ्या आणि बाकी फिल्म कोरी. खोल सावल्यांचे नुकसान सर्वांत जास्त, हे या दोषाचे लक्षणच आहे.

यावरचा उपाय फिल्म बनवणाऱ्यांनीच दिलेला असतो. आमच्या फिल्मसाठी नियम असा: मापकाने सांगितलेला वेळ एक सेकंदाहून अधिक असेल, तर त्या संख्येचा १.२६ वा घात करा. दहा सेकंदांचे सुमारे अठरा होतात, तीसचे त्र्याहत्तर, आणि साठचे जवळजवळ तीन मिनिटे. लॉगॅरिथमची पुस्तिका कशाला शिकायची असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर द्यावे. आम्ही त्र्याहत्तरच्या जागी तीस दिले होते, आणि तेही खिडकीच्या उजेडाने आधीच फसलेल्या मापकाचे ऐकून.

मग बारावे चित्र कसे आले? ते घेताना आमच्यातल्या एकाने केबल दाबून शटर उघडले, आणि त्याच वेळी आमच्याबरोबर वाट दाखवायला आलेले वयस्कर गृहस्थ काही सांगू लागले. ते याच खाणीत कामाला होते. बोलणे तमिळमध्ये. आमची एक सहकारी ते समजावून देत होती. सगळे त्यात गुंतले आणि शटर अडीच मिनिटे उघडेच राहिले. हे चित्र गेले, असे वहीत लिहूनही ठेवले होते.

फिल्म आणि सोन्याची खाण यांचा संबंध इथे संपत नाही; खरे तर इथून सुरू होतो. वर म्हटले की चार-पाच अणूंचा पुंजका हवा. ही अट सैल करता आली तर फिल्म कमी उजेडातही काम करील. १९२५ मध्ये कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्डने दाखवले की काही जिलेटिन इतरांपेक्षा चांगले का ठरते, याचे कारण त्यातली गंधकयुक्त द्रव्ये आहेत. मोहरीच्या तिखटपणाला कारण असणारे द्रव्य हे त्यांपैकीच. जिलेटिन गुराढोरांच्या कातड्या-हाडांपासून बनते. तेव्हा गुरांनी मोहरी खाल्ली नसती तर सिनेमा झाला नसता, अशी एक चुटकेवजा गोष्ट फिल्मच्या जगात सांगितली जाते. त्यानंतर १९३६ मध्ये जर्मनीतल्या आग्फा कंपनीत रॉबर्ट कोस्लोव्स्कीने त्या थरात सोन्याचा अगदी लेशमात्र क्षार मिसळला आणि फिल्मचा वेग दुपटीच्या आसपास गेला. चांदीच्या इवल्या पुंजक्यात सोन्याचे अणू बसले की डेव्हलपर लहान पुंजकाही ओळखतो. युद्ध संपेपर्यंत हे व्यापारी गुपित राहिले. पुढे वेगवान फिल्म बनवण्याची ती सार्वत्रिक पद्धत झाली.

हे सोने किती असते? आपण ढोबळ हिशेब करू. छत्तीस चित्रांच्या रिळाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०५६ चौरस मीटर. चौरस मीटरला साडेचार ग्रॅम चांदी धरली तर रिळात पाव ग्रॅम चांदी, म्हणजे ०.००२३ मोल. एका मोल चांदीमागे सोने काही मायक्रोमोल असते, पाच धरू. उत्तर येते सव्वादोन मायक्रोग्रॅम. शेवटच्या काळातल्या कोलारच्या खडकात टनाला चार ग्रॅम, म्हणजेच ग्रॅमला चार मायक्रोग्रॅम सोने होते. तेव्हा एका रिळाला लागणारे सोने सुमारे अर्ध्या ग्रॅम खडकात असते. एक चिमूट. (आमच्या फिल्ममधले सोने कोलारचे होते असा आमचा दावा अजिबात नाही.)

तिसरा दुवा आहे त्या डोंगरांना नाव देणाऱ्या सायनाइडचा. सोने आम्लांना दाद देत नाही, पण सायनाइडच्या सौम्य द्रावणात हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने विरघळते. ग्लासगोच्या मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ मध्ये या क्रियेचे पेटंट घेतले आणि टाकाऊ मानलेल्या चुऱ्यातूनही सोने काढणे शक्य झाले. कोलारचा पिठासारखा दळलेला खडक पुढे याच द्रावणात घोळवला जाई. मग त्यात जस्त टाकले की जस्त विरघळे आणि सोने खाली बसे. आता गंमत पाहा. १८५१ नंतर काचेच्या ओल्या पट्ट्यांवर फोटो काढणारे लोक चित्र पक्के करण्यासाठी, म्हणजे प्रकाश न लागलेला चांदीचा क्षार धुऊन काढण्यासाठी, पोटॅशियम सायनाइड वापरत. दोन्हीकडे काम एकच: हट्टी धातूला सायनाइडच्या कुशीत घेऊन पाण्यात विरघळवणे. फोटोवाल्यांनी पुढे हे विष सोडले, कारण हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, तेच काम निर्धोकपणे करतो. जॉन हर्शेलने त्याचा हा गुण १८१९ मध्येच नोंदवला होता. वापरलेल्या हायपोतून चांदी परत मिळवायची तर त्यात लोखंडाचा कीस किंवा जस्त टाकतात. म्हणजे शेवटची पायरीही खाणीतलीच.

हा भाग वर्गात करून दाखवता येतो, अर्थात सायनाइडशिवाय. दोन परीक्षानळ्यांत थोडे विरल सिल्व्हर नायट्रेट घ्या, मिठाचे पाणी घाला. दह्यासारखा पांढरा साका पडेल. एक नळी काळ्या कागदात गुंडाळा, दुसरी उन्हात ठेवा. काही मिनिटांत उन्हातला साका जांभळट करडा होईल. ती मोकळी झालेली चांदी. आता दोन्हींत हायपोचे द्रावण घालून हलवा. झाकलेल्या नळीतला साका विरघळून पाणी नितळ होईल, उन्हातल्या नळीत करडा अवशेष उरेल. निगेटिव्ह पक्के करणे म्हणजे एवढेच. सिल्व्हर नायट्रेटचे डाग हातावरून आठवडाभर जात नाहीत आणि ते डोळ्यांना घातक आहे, म्हणून शिक्षकांनी स्वतः करावे, आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतता बाटलीत साठवावे.

डोंगरांबद्दल एक खुलासा करायला हवा. त्यांतले सायनाइड ऊन-वाऱ्याने काळाच्या ओघात बरेचसे विघटन पावते. नाव भयंकर असले तरी आज मुख्य त्रास वेगळा आहे. चुरा पिठाइतका बारीक, आणि त्यात सिलिका भरपूर. वारा सुटला की तो घराघरांत शिरतो. त्यातली गंधकयुक्त खनिजे पाणी-हवेशी संयोग पावून आम्ल तयार होते. आम्ही तोंडाला फडके बांधून तीन तास फिरलो, भिंग दर दहा मिनिटांनी ब्रशने झाडले, आणि संध्याकाळी कॅमेरा उघडला तर फिल्म सरकण्याच्या रुळावर पिवळी पूड होतीच. पहिल्या चोवीस चित्रांवरही लांबच लांब ओरखडे आहेत. आम्हाला तीन तासांचा उपद्रव. तिथे राहणाऱ्यांना रोजचाच. सिलिकोसिसचे निदान छातीच्या क्ष-किरण चित्रावरून करतात, आणि वर्षानुवर्षे ती चित्रेही याच सिल्व्हर ब्रोमाइडच्या फिल्मवर घेतली जात. या खाणीची माणसे आधी त्या फिल्मवर उतरली, अवशेष नंतर.

अंधारात फिल्मवर नोंद करण्याचे सर्वांत नामांकित काम मात्र याच खाणीच्या पोटात झाले, आणि त्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे म्युऑन नावाचे कण सतत जमिनीवर आदळत असतात. आपल्या तळहातातून दर मिनिटाला असे शंभराच्या आसपास कण जातात. खडकाच्या जाड थरातून जाताना ते अडत जातात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या वेगवेगळ्या खोलींवर म्युऑन मोजले. २,७६० मीटर खोलीवर तर सुमारे दोन महिने यंत्रणा चालू ठेवून एकही म्युऑन सापडला नाही. निराश होण्याजोगा हा निकाल फार मोलाचा ठरला. इतकी शांतता असेल तर न्यूट्रिनो या जवळजवळ न अडणाऱ्या कणाची चाहूल इथे लागू शकेल, कारण न्यूट्रिनो खडकात क्वचित धडकला की नवा म्युऑन आडवा धावत येतो, आणि आडवा येणारा म्युऑन वरून आलेला असू शकत नाही.

मुंबईची ही संस्था, जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून चॅम्पियन रीफ खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर उभ्या भिंतींसारखे शोधक बसवले. मध्ये निऑन वायू भरलेल्या काचेच्या नळ्यांच्या रांगा. कण गेला की विजेचा जोरदार धक्का दिला जाई. ज्या नळ्यांतून कण गेला तेवढ्याच क्षणभर लाल उजळत, आणि कॅमेरा त्यांचा फोटो घेई. फिल्म धुतली की ठिपक्यांच्या ओळीतून कणाचा मार्ग दिसे. १९६५ मध्ये इथे वातावरणातील न्यूट्रिनोंचा पुरावा मिळाला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका खोल खाणीतही दुसऱ्या गटाला तो मिळाला. तीही सोन्याचीच खाण. एवढे खोल खणायला माणसाला सोन्याखेरीज दुसरे कारण क्वचितच सापडले आहे.

निऑनची ती चमक क्षणार्धाची पण झगझगीत होती, त्यामुळे त्यांच्या फिल्मला आमच्यासारखी गळती लागली नाही. आम्ही मात्र तेवढ्याच अंधाराचे आव्हान जमिनीवर स्वीकारून हरलो होतो.

दुसऱ्यांदा आम्ही २०१९ मध्ये गेलो. या वेळी घातांकाचे कोष्टक छापून वहीत चिकटवले होते. यंत्रघराशी पोचलो तर छताचा निम्मा भाग खाली आलेला. आत लख्ख ऊन. मापक म्हणाला, अर्धा सेकंद. कोष्टकाची गरजच पडली नाही. यंत्रावर कौलांचा आणि वाशांचा खच पडला होता, मागच्या भिंतीजवळचे काहीच दिसत नव्हते. आम्ही फोटो काढले, ते तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहेत. पण जे पाहिले होते ते त्यात नाही. ते आता फक्त त्या विसरलेल्या अडीच मिनिटांच्या निगेटिव्हवर आहे.

फिल्मच का, असे आम्हाला विचारतात. हातातला साधा मोबाइल अशा उजेडात फिल्मपेक्षा सरस काम करतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. तिथे ही गळती नसते. वर्गात दाखवायला मात्र फिल्म बरी, कारण तिच्यात काय घडले ते परीक्षानळीत घडवून दाखवता येते. आणि दुसरे कारण, निगेटिव्ह हातात धरता येते.

त्या निगेटिव्हची मोठी प्रत काढून आम्ही सोबत नेली होती. ती आम्ही मागच्या वेळच्या त्या गृहस्थांना दिली. चित्र घेताना ते कॅमेऱ्यासमोरच, यंत्राच्या डाव्या अंगाला उभे होते; पण बोलताना हलत असल्यामुळे त्यांच्या जागी एक धूसर छाया उमटली आहे. त्यांनी स्वतःला ओळखले नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि प्रत उन्हात नेली. यंत्राच्या वर एक मोठी तबकडी आहे. यंत्र चालवणाऱ्याला पिंजरा दिसत नसे; घंटेच्या खुणा ऐकून आणि या तबकडीवरचा काटा पाहून पिंजरा किती खोल आहे हे तो ओळखे. पहिल्या भेटीत आमच्या डोळ्यांना अंधारात ती तबकडी दिसलीसुद्धा नव्हती. चित्रात तिच्यावरच्या रेघा मोजता येतात.

त्यांनी काट्यावर बोट ठेवले. आमच्या सहकारीने त्यांचे बोलणे सांगितले: “काटा वरच्या खुणेवर आहे. पिंजरा वर आणूनच यंत्र बंद केले. खाली कोणी नव्हते.”